चिंचेखालचं इमान

"इमान पुरलं बाई, चिंचंच्या तळाशी
भाऊ माझा राखणीला, कोनी नाय त्याच्यापाशी."

भीमाआत्याचा हा आवाज मी सहा वर्षांची असताना ऐकला. आमचं गाव कल्याणच्या पलीकडे, समोर मलंगगड. पहाटे जातं घरघरायचं आणि त्या घरघरीच्या खालून आत्याचा आवाज वर यायचा, खोल विहिरीतून भरलेली कळशी यावी तसा, जड आणि सावकाश. मी गोधडीत पडून ऐकायचे. शेजारची कोणी बाई खुंट्याला हात लावायला आली की आत्या ओवी बदलायची. मग माहेराच्या ओव्या, बाबासाहेबांच्या ओव्या, हसतखेळत. ही एक ओवी मात्र ती एकटी दळायला बसली तरच निघायची.

पुढे मी एम.ए.ला ओव्यांचा अभ्यास घेतला. वही घेऊन आत्याच्या समोर बसले, तेव्हा तिने पावणेदोनशे ओव्या सांगितल्या आणि ही सांगितली नाही. मीच आठवण करून दिली. ती म्हणाली, "तुला ती ठावी हाय व्हय?"

"इमान पुरलं म्हणजे काय गं आत्या?"

"म्हंजे काय म्हंजे? इमान म्हंजे इमान."

मी लिहून घेतलं. इमान म्हणजे निष्ठा, सचोटी, दिला शब्द. आमच्या गावच्या जमिनी दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत ब्रिटिश लष्कराने धावपट्टीसाठी घेतल्या होत्या. जमीन गेली, वायदे मोडले, आणि एका बाईने सगळ्या गावाचं इमान चिंचेखाली पुरून ठेवलं. मला ही ओवी फार मोठी वाटली. तिच्यावर निबंध लिहिला, ठाण्यात एका परिषदेत वाचला, टाळ्या घेतल्या. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. 

हे सगळं सांगायचं कारण रवींद्रदादांचं संग्रहालय.

रवींद्रदादा हवाई दलात फिटर होते. बत्तीस वर्षं विमानांच्या पोटात हात घालून काढली आणि निवृत्त होऊन डोंबिवलीत मानपाड्याला राहायला आले. तिथे त्यांना कळलं की आपल्या घरापासून थोड्या अंतरावर एके काळी लढाऊ विमानं उतरत होती आणि आज तिथल्या पोरांना त्यातलं काहीच ठाऊक नाही. सोसायटीचं तळमजल्यावरचं सभागृह त्यांनी मागून घेतलं. गावोगाव हिंडले. धावपट्टीवर अंथरलेल्या भोकाभोकांच्या लोखंडी पाट्या लोकांनी कुंपणाला लावल्या होत्या, त्या आणल्या. विमानाच्या पंख्याचं एक पातं एका तबेल्यात गटारावर फळी म्हणून पडलेलं, ते आणलं. कुणी आजोबांची मजुरीची हजेरीपाटी दिली, कुणी फोटो. पाट्यांवरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ठाण्यात कोपरीला राहते, शाळेत मराठी शिकवते, रविवारी जायचे.

दादांचा एकच नियम होता. "कागद दाखवा नाहीतर धातू दाखवा. ऐकीव माल आपल्याकडे चालणार नाही. आमच्या हँगरमध्ये एक स्क्रू जरी कमी भरला तरी विमान उडत नव्हतं."

आत्याची ओवी भिंतीवर लावू दिली ती केवळ माझ्या हट्टापायी. "लावा. शोभेला ठीक आहे," असं म्हणाले. मोठ्या अक्षरांत ओवी, खाली माझा अर्थ. लोक तिच्यापुढे उभं राहून फोटो काढायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी मंदाक्काला संग्रहालय दाखवायला नेलं.

मंदाक्का माझी चुलत बहीण. वयाने मात्र माझ्या आईसारखी. गेल्या महिन्यात ऐंशी पूर्ण झाली. गणूकाकाची मुलगी. गणूकाका, भीमाआत्या आणि माझे वडील आबा, ही तीन भावंडं. गणूकाका सगळ्यांत मोठा, धावपट्टीवर मजूर होता. मंदाक्का पोटात असताना तो पल्टणीच्या गाडीत बसून निघून गेला आणि परत आला नाही. तिची आई, कलावतीकाकू, सतरा वर्षांची होती. सत्तराव्या वर्षी गेली तोवर तिने गळ्यातली पोत काढली नाही. नाक्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून उंबऱ्यात यायची. मंदाक्काने हे सगळं लहानपणापासून पाहिलं. कमावती झाल्यावर तिने बापाचं नाव कागदांवरून काढून टाकलं. तेव्हापासून ती मंदाकिनी कलावती. घरात कोणी गणूकाकाचा विषय काढला तर ती उठून जायची.

संग्रहालयात शिरताच ती लोखंडी पाटीसमोर थांबली.

"ही तर आमच्या शेरडांच्या वाड्याच्या दाराची झापडी. इथं कशी आली?"

"आजी, ही धावपट्टीची पाटी आहे," रवींद्रदादा म्हणाले. "अशा हजारो पाट्या एकमेकींत अडकवून..."

"आजी कोणाला म्हणतोस रे? आरशात बघतोस का कधी?"

दादांनी टकलावरून हात फिरवला. "बरं, ताई."

"हां. आता सांग."

अशी मजेत फिरत ती भिंतीपाशी आली. ओवी वाचता वाचता तिचा आवाज आपोआप जात्याच्या चालीत गेला. मग खालचा माझा अर्थ वाचायला घेतला. अर्ध्यावर आली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काय झालं आक्का?"

"निष्ठा पुरली? सचोटी पुरली? अगं बाई, पगार कशाचा घेतेस तू?" तिने काठी भिंतीवर टेकवली. "इमान म्हणजे इमान. उडतं ते."

मी ओवी परत वाचली.

"आमच्यात विमान कोण म्हणायचं? विठोबाचा इठोबा, विस्तवाचा इस्तू, तसं विमानाचं इमान. आई म्हणायची, आत्या म्हणायची, अख्खा गाव म्हणायचा. इमान आलं, इमान गेलं. तू शहरात शिकलीस ना, म्हणून घोळ."

'वि'चा 'इ' होतो हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. दर वर्षी. इठोबा, इस्तू, इटाळ, इंचू, ही उदाहरणं मला तोंडपाठ आहेत. आणि तीस वर्षं ही ओवी मी छातीशी धरून फिरले, तिच्यावर बोलले, रडलेसुद्धा. कानात कोणी पितळेचं ताट आपटावं तसं झालं. मी भिंतीवरचा माझाच मजकूर वाचत होते आणि अक्षरं ओळीने उभी असून एकही लागत नव्हतं.

रवींद्रदादा पंख्याचं पातं पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"ताई, परत म्हणा ती ओळ."

"इमान पुरलं बाई, चिंचंच्या तळाशी."

"कुठली चिंच?"

"आमचीच. धावपट्टीच्या कडेला उरलेल्या वावराच्या बांधावरची. आता ठुंट राहिलंय. आबाकाकाने जमीन विकली, तिथं टॉवर होणार म्हणतात."

दादा खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे, तसेच फरशीवर बसले. तिथूनच म्हणाले, "लढाई संपल्यावर मोडकी विमानं खड्डे खणून पुरायचे. बाकीच्या धावपट्ट्यांवर केलेलं वाचलंय मी. इथली तीन जाड फायली आहेत माझ्याकडे. एकीतही ही नोंद नाही." आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "नोंद इथं होती. शोभेला लावलेली."

पुढचा आठवडा भराभर गेला. दादांच्या ओळखीचा केदार नावाचा मुलगा, जमिनीखालच्या पाइपलायनी शोधून देणाऱ्या कंपनीत कामाला, तो आपलं चाकांचं यंत्र घेऊन आला. बिल्डरच्या पत्र्याच्या कुंपणाआड चिंचेचं ठुंट अजून होतं. केदारने त्याच्याभोवती यंत्र ढकलत चकरा मारल्या. तिसऱ्या चकरीला तो थांबला.

"सर, भाई, काहीतरी सॉलिड आहे खाली. पंधरा फूट तर इथंच होतंय. अजून पुढे जातंय."

रवींद्रदादांनी वाकून मातीला तळहात लावला. आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा. संग्रहालयात पाट्या होत्या, पातं होतं, फोटो होते, विमान नव्हतं. "मोडकं असू दे, चेपलेलं असू दे," ते म्हणाले, "पोरांना हात लावता येईल."

बिल्डरचा माणूस भला निघाला. सोमवारी पायाचं काँक्रीट पडणार होतं. त्याच्या आधीचा रविवार त्याने आम्हाला दिला, वर जेसीबी दिला.

मंदाक्काला कळल्यावर ती दिवसातून तीन-तीनदा फोन करू लागली. "आमच्या वावरात निघणार म्हणजे पाटीवर आमचं नाव पाहिजे हं." दादांनी जुना सातबारा काढून आणलेला. त्यावर नाव होतं गणूकाकाचं. मी ते चाचरत सांगितलं. 

"कलावतीबाईच्या वावरात सापडलं, असं लिही."

"आक्का, कागदावर..."

"कागद गेला खड्ड्यात. राबली ती, वाट बघत मेली ती. त्या पळपुट्याचं नाव त्या भिंतीवर लागलं तर मी तिथं पाय ठेवणार नाही. आणि तुझ्या घरीही नाही."

फोन ठेवल्यावर मी पाटीचा कागद पुढे घेतला. नावाची जागा कोरी ठेवली.

भीमाआत्या माझ्याकडेच असते, आबा गेल्यापासून. त्र्याण्णव वर्षांची आहे. कान शाबूत, नजर बरी, फक्त आवाज गेलाय. गाते म्हटलं तर नुसती हवा येते. तिला ही बातमी मी मुद्दाम उशिरा सांगितली, यंत्राने खूण दिल्यावर, गंमत म्हणून. ती खिडकीपाशी बसून मेथी निवडत होती.

"आत्या, मी तुझ्या इमानाचा पार निकाल लावला गं. मंदाक्का हसली मला. विमान होतं ते, आणि मी काय काय लिहून बसले. तू तरी सांगायचंस."

ती हसली नाही.

"सापडलं हां पण. चिंचेखाली खरंच आहे. रविवारी खणणार."

तिचे हात चालू होते. मी पाहिलं, ती पानं खुडून कचऱ्यात टाकत होती आणि देठ पातेल्यात. एक जुडी झाली, दुसरी घेतली. तेच. पानं कचऱ्यात, देठ पातेल्यात.

"आत्या?"

"खनू नका."

"का?"

 मी तिच्या हातातली जुडी काढून घेतली, तरी बोटं हवेत तशीच खुडत राहिली. तेव्हा माझ्या मनात ओवीची दुसरी ओळ आली. आठवडाभर आम्ही सगळे पहिल्याच ओळीत अडकलो होतो.

"आत्या, 'भाऊ माझा राखणीला', तो कोणता भाऊ? आबा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर.

"ओवीला भाऊ लागतोच," ती म्हणाली.

खरं होतं ते. ओवीला भाऊ लागतोच. पावणेदोनशे ओव्यांत एकशे दहा वेळा भाऊ येतो. घोड्यावर बसून येतो, चोळी घेऊन येतो, न येता वाट बघायला लावतो. ज्या बायांना भाऊ नव्हता त्याही भाऊ घालून गायच्या. हे मीच माझ्या प्रबंधात लिहिलंय. मी मान डोलावली, मेथी परत निवडली आणि भाजी टाकली.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर म्हणी लिहीत होते. गणूकाका पल्टणीच्या गाडीत बसून गेला, हे घरातलं वाक्य कुठून तरी मनात आलं. लहानपणापासून ऐकलेलं, घासून गुळगुळीत झालेलं. आणि त्याला जोडून नेहमी येणारं शेपूट: भीमानं पाहिलं त्याला बसताना.

भीमानं पाहिलं. दुसऱ्या कोणीच नाही. तेरा वर्षांची भीमा.

खडू माझ्या हातात होता. मी फळ्याला टेकवला होता, पण पुढचं अक्षर कोणतं ते मला येईना. अर्धी म्हण तशीच राहिली. "बाई, पुढे?" कोणी तरी विचारलं. मी म्हटलं, "वाचा तुम्ही." काय वाचा, ते मलाही ठाऊक नव्हतं. स्टाफरूममध्ये गेले, पाण्याचा पेला भरला आणि भरलेला पेला तसाच धरून तास संपेपर्यंत उभी राहिले.

कोनी नाय त्याच्यापाशी.

घरी आले तर आत्या सकाळच्याच जागी होती. डब्यातली भाकरी तशीच. मी तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, सरळ विचारलं, "आत्या, गणूकाका कुठे आहे?" तिने डोळे मिटून घेतले. झोपेचे नव्हेत ते.  तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा अर्धा पिऊन ठेवायची. मी तिच्या ताटाशी ताट घेऊन बसायचे आणि दोघींचंही अन्न तसंच राहायचं.

मंदाक्काचे फोन येतच होते. रविवारी जांभळी साडी नेसू की पांढरी, पेढे किती किलो आणू. दर वेळी माझ्या जिभेवर यायचं आणि मागे जायचं. काय सांगणार होते? ओवीत भाऊ आहे म्हणून? तिने ऐंशी वर्षं एका पळपुट्याचा राग धरून दिवस काढले होते. तो राग तिचा आधार होता. माझ्याजवळ खात्री नव्हती, आणि ज्या बाईजवळ होती ती डोळे मिटून बसली होती.

शनिवारी मी रवींद्रदादांना फोन केला. "पुढे ढकलता येईल का?"

"रचनाताई, सोमवारी काँक्रीट. मग वर बावीस मजले. आज नाही तर झालं."

"खाली विमानाशिवाय आणखी काही असेल तर?"

 बत्तीस वर्षं हवाई दलात काढलेला माणूस. असल्या प्रश्नाचा अर्थ त्यांना बरोबर कळला.

"काय ऐकलंत?"

"काहीच नाही. ऐकीवसुद्धा नाही."

"मग मी काय करू ते सांगा," ते हळूच म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते करतो."

उद्या येते, एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी सकाळी सहाला मी बाहेरच्या खोलीत आले तर आत्या दारापाशी खुर्चीत बसली होती. आंघोळ केलेली, पांढरं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले. पायांत चपला. त्या चपला तिने वर्षभर घातल्या नव्हत्या.

"चल," ती म्हणाली.

गाडीत ती मागच्या सीटवर ताठ बसली. मुंब्रा गेलं, शिळफाटा गेला. मलंगगड दिसू लागला तेव्हा तिने एकदाच विचारलं, "मंदी येनार?"

"हो."

"बरं."

कुंपणाच्या आत माणसं जमली होती. सोसायटीतली दहा-बारा, केदार, बिल्डरचा माणूस. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ठुंटाभोवती केदारने फक्कीने लांबट आकार आखला होता. वरून बघितलं तर पंख नसलेलं काही तरी निजल्यासारखं. जेसीबीचं इंजिन चालू होतं, दात असलेला हात वर उचललेला. मंदाक्का जांभळ्या साडीत, पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"आत्या पण आली," ती म्हणाली. "बघा, ही ओवीवाली. हिच्यामुळे सापडलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या त्या टाळ्यांतून चालत गेली. माझा हात तिने सोडला होता. फक्कीच्या रेघेपाशी ती थांबली, रेघ ओलांडली नाही. जेसीबीवाल्याकडे मान वर करून म्हणाली, "बंद कर बाबा ते."

त्याला ऐकू गेलं नाही. रवींद्रदादांनी हात केला. इंजिन थांबलं. इतकं एकदम शांत झालं की कुंपणाचा पत्रा उन्हाने तडकल्याचा आवाज आला.

मंदाक्काने खुर्ची पुढे आणली, आत्याला बसवलं आणि पेढा तिच्या तोंडाशी नेला. आत्याने तिचं मनगट धरलं. पेढा दोघींच्या मध्ये तसाच राहिला.

"मंदे, तुझा बाप पल्टणीच्या गाडीत बसला नाय."

"आता त्याचं काय काढलंस मध्येच?"

"मी खोटं बोलले. कोनी इचारलं, भीमे तू पाह्यलास का, तर मी हो म्हनले. गाडी मीच घातली त्यात."

मंदाक्काने मनगट सोडवायचा प्रयत्न केला. आत्याची पकड सुटली नाही.

"मग गेला कुठे तो?"

आत्याने दुसऱ्या हाताने फक्कीच्या रेघेच्या आत दाखवलं.

 केदारचा पाय रेघेवर होता, तो त्याने हळूच मागे घेतला. रवींद्रदादांनी डोक्यावरची टोपी काढली. मंदाक्का त्या मातीकडे बघत होती, मग आत्याकडे, मग परत मातीकडे, जणू दोन्हींपैकी कोणी तरी हसेल आणि म्हणेल की गंमत केली.

"काय बोलतेस तू," ती म्हणाली. अगदी हळू.

"पल्टन चाललेली. मोडकी इमानं खड्ड्यात ढकलून बुजवीत व्हती. तुझ्या आयेचे दिवस भरत आलेले. दादा म्हनला, त्यात भांड्याच्या जर्मलचा पत्रा हाय, चांगला मोठा, काढून आनतो. घंगाळ करून घेनार व्हता, तुझ्या अंगोळीला. दुपारची भाकर घेऊन मी गेले तर तो खड्ड्यात, इमानाच्या पोटात. निसतं डोकं भायेर काढलंन. म्हनला, भीमे, बांधाआड बस. कोनी आलं तरी तोंड उघडू नको, चोरी म्हनून सगळ्यांना बांधून नेतील." आत्या श्वास घ्यायला थांबली. "मग ते माती ढकलायचं यंत्र आलं. आमी त्याला रेडा म्हनायचो. गोरा बसलेला वर, शीळ घालीत व्हता."

"आणि बाबा?"

मंदाक्काच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिला स्वतःलाही तो नवा वाटला असावा; तिने ओठांवर बोटं ठेवली. पेढा खाली मातीत पडला होता.

"आत गप बसला आसंल. वाटलं आसंल, जाईल निघून. मला बी वाटलं, आता निघंल, आता निघंल. भाकर मांडीवर घेऊन मी बसले. रेड्यानं एक ढीग लोटला, मग दुसरा. मग इमानाचं शेपूट तेवढं दिसत व्हतं. मग तेबी नाय."

"त्या यंत्रवाल्याला..."

"त्याला काय ठावं? त्याची चूक नाय." आत्या आता मंदाक्काचं मनगट दोन्ही हातांनी धरून होती. तिचा गेलेला आवाज कुठून तरी परत आल्यासारखा जड झाला होता, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो ऐकू जात होता. "ठावं मला व्हतं. हितनं त्या ठुंटाइतका लांब व्हता तो गोरा. तेरा वर्साची व्हते मी, मुकी नव्हते. तुझी आय उंबऱ्यात यायची, मी बघायची, आन् आत जायची. एकदा हाक मारली असती तर त्यानं यंत्र थांबवलं असतं, मंदे. मी हाक मारली नाय."